ब्यूट कॉलेज ते बर्कली : ॲरन रॉजर्सला एका वर्षात प्रवेश कसा मिळाला

२००२ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको गावात ॲरन रॉजर्स नावाचा मुलगा प्लेझंट व्हॅली हायस्कूलमधून पास होऊन बाहेर पडला. एसएटी परीक्षेत त्याला १६०० पैकी १३१० गुण होते, शाळेतली सरासरी ए-मायनस. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक होता. म्हणजे प्रत्येक चालीत चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं, तो खेळाडू. आणि एवढं असूनही देशातल्या पहिल्या फळीच्या एकाही विद्यापीठाने त्याला खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती.

कारण साधं होतं. पोरगा ५ फूट १० इंच उंच आणि १६५ पौंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो वजनाचा. समोर सव्वासहा फुटी धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते आणि त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघून चेंडू टाकायचा असतो. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांचे कोच क्वार्टरबॅक निवडताना आधी उंची बघतात. फ्लोरिडा स्टेटला खेळावं अशी त्याची इच्छा होती, तिथून नकार आला. इलिनॉय विद्यापीठाने एवढंच सांगितलं की स्वतःच्या खर्चाने ये, सरावात उतर, जमलं तर संघात घेऊ. याला तिकडे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. त्याने ते नाकारलं. फुटबॉल सोडून बेसबॉल खेळावं, नाहीतर खेळच सोडून वकिलीकडे वळावं, असेही विचार त्याच्या मनात येऊन गेले. शेवटी तो चिकोपासून सुमारे १५ मैलांवर, ओरोव्हिलजवळ असलेल्या ब्यूट कॉलेजात गेला. हे कम्युनिटी कॉलेज. वर्षभरात तो बर्कलीच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा शिष्यवृत्तीधारक खेळाडू होता.

पुढे तो ग्रीन बे पॅकर्सकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा अंतिम सामना जिंकला, चार वेळा त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणून ही गोष्ट नेहमी ‘दुर्लक्षित हिऱ्याची’ म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगायची नाही. हिरा असून दोन-तीन वर्षं कम्युनिटी कॉलेजात अडकलेली मुलं पुष्कळ असतात. रॉजर्स एका वर्षात सुटला, आणि त्यात त्याच्या खांद्याइतकाच त्याच्या शाळेच्या गुणपत्रकाचा हात होता. तो भाग कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते बघू, कारण आपल्या लोकांचा इथेच गैरसमज होतो. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनोकडच्या मराठी घरांत ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटलं की चेहरे पडतात. कुठेच नंबर लागला नाही म्हणून शेवटी तिथे, असा सूर असतो. कॅलिफोर्नियात मात्र ही व्यवस्था १९६० च्या राज्य आराखड्यापासून जाणीवपूर्वक उभी केलेली आहे. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या शाखांत जागा, वरच्या एक-तृतीयांश मुलांना स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि बाकी ज्याला शिकायचं आहे त्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. तिथे दोन वर्षं चांगला अभ्यास केला की तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं. हा मागचा दरवाजा नाही, ठरवून ठेवलेला रस्ता आहे. नव्याने येणाऱ्या दर दोन मुलांमागे एक ट्रान्सफर घ्यायचा, असं उद्दिष्टच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने ठेवलेलं आहे. रॉजर्स ब्यूटला गेला तेव्हा राज्यातल्या मुलांना एका युनिटमागे, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकामागे ११ डॉलर फी होती. वर्षाची ३० युनिटं धरली तर ३३० डॉलर. इलिनॉयला परराज्यातला विद्यार्थी म्हणून स्वखर्चाने जाण्याशी याची तुलना करून बघा. कुठल्याही मध्यमवर्गीय घराने हाच हिशेब केला असता.

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना खेळाची शिष्यवृत्ती देण्याची मुळी परवानगीच नाही. टेक्सास, मिसिसिपी, कॅन्सस इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत ती मिळू शकते. म्हणजे ब्यूटला खेळणारा मुलगा फी स्वतः भरून, राहण्या-जेवणाची सोय स्वतः बघून खेळतो. तिथल्या फुटबॉल संघाचे मुख्य कोच होते क्रेग रिग्सबी, आणि रॉजर्सला तिथे आणलं ते त्यांनीच.

सिझन उत्तम गेला. ब्यूटने दहा सामने जिंकले, एक हरला, विभागाचं विजेतेपद मिळवलं, आणि देशातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या क्रमवारीत दुसऱ्या नंबरापर्यंत पोचले. रॉजर्सने २६ टचडाऊन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास टाकले. इथे नशिबाचाही वाटा आहे, तो मान्य करायला हवा. बर्कलीचे मुख्य कोच जेफ टेडफर्ड ब्यूटच्या एका वेगळ्याच खेळाडूवर नजर ठेवून होते. तो होता टाइट एंडच्या जागी खेळणारा गॅरेट क्रॉस. आता टाइट एंड कसा पास झेलतो हे बघायचं तर पास टाकणारा दिसणारच. टेडफर्डना प्रश्न पडला की हा पोरगा शाळेतूनच कुणी उचलला कसा नाही! क्रॉसही पुढे बर्कलीला खेळला आणि रॉजर्सही.

याला निव्वळ योगायोग म्हणणं मला पटत नाही. मोठ्या विद्यापीठांचे कोच कम्युनिटी कॉलेजांकडे एकेकट्या मुलासाठी क्वचित येतात. जिंकणाऱ्या, मोठ्या कोचांशी संबंध असलेल्या संघाकडे ते येतात, आणि एकासाठी आले की चार जण बघून जातात. म्हणून कॉलेज निवडताना ‘मला खेळायला किती मिळेल’ एवढंच विचारून भागत नाही. गेल्या पाच वर्षांत इथून कोण कुठे गेलं, हेही विचारायला हवं. शिवाय टेडफर्ड स्वतः सेरिटोस या कम्युनिटी कॉलेजात खेळून मग फ्रेस्नो स्टेटचे क्वार्टरबॅक झालेले. त्या कॉलेजांतल्या मुलांना कमी लेखण्याची सवय त्यांना नव्हती. गरजही होती. आदल्या वर्षीचा त्यांचा क्वार्टरबॅक काइल बोलर २००३ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात ती प्रक्रिया) एकोणिसाव्या क्रमांकावर एनएफएलमध्ये निघून गेला होता.

आता खरा मुद्दा. कोचने हो म्हटलं म्हणजे प्रवेश झाला, असं अजिबात नसतं. कोच नाव सुचवतो, शिष्यवृत्ती देऊ करतो. पुढे दोन वेगळी टेबलं असतात. एका टेबलावर एनसीएए ही खेळांची राष्ट्रीय संस्था मुलगा खेळायला पात्र आहे का ते तपासते. दुसऱ्यावर विद्यापीठ तपासतं की मुलगा शिकायला पात्र आहे का. दोन्हीकडचे शिक्के लागतात, आणि दोन्हीकडे रॉजर्सचा कागद सरळ पुढे सरकला.

एनसीएएच्या भाषेत शाळेतून निघतानाच तुम्ही ‘क्वालिफायर’ असता किंवा नसता. ठरावीक मुख्य विषय, त्यांतली सरासरी आणि त्या काळी एसएटीचे गुण, यांवर ते ठरायचं. क्वालिफायर मुलगा कम्युनिटी कॉलेजात गेला तरी तो दर्जा त्याच्याकडेच राहतो. आजच्या नियमांप्रमाणे अशा मुलाने किमान एक पूर्ण सत्र काढलं, सत्रामागे सरासरी १२ ट्रान्सफर होणारी युनिटं केली आणि त्यांत २.५ ची सरासरी राखली, की तो चार वर्षांच्या विद्यापीठात जाऊन लगेच मैदानात उतरू शकतो. जो क्वालिफायर नव्हता त्याला मात्र तीन पूर्ण सत्रं, दोन वर्षांची पदवी, ४८ ट्रान्सफर होणारी युनिटं, त्यांत इंग्रजीची सहा, गणिताची तीन, विज्ञानाची तीन, आणि २.५ ची सरासरी, एवढं सगळं लागतं. रॉजर्सच्या वेळी आकडे थोडे वेगळे होते, पण विभागणी हीच होती.

म्हणजे ब्यूटच्या संघात रॉजर्सइतकाच चांगला फेकणारा दुसरा एखादा मुलगा आहे असं धरा, फक्त शाळेत त्याने बीजगणित टाळलं. टेडफर्डनी त्याला बघितलं असतं, तो त्यांना आवडलाही असता, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून निघून गेले असते. पुढच्या वर्षी कोचला क्वार्टरबॅक हवाच असेल असं नाही. त्या जागेवर तोवर दुसरा कुणीतरी बसलेला असतो.

विद्यापीठाचं टेबल त्याहून कडक. बर्कलीसारख्या शाखा ट्रान्सफर घेतात ते साधारण ६० सेमिस्टर युनिटं पूर्ण केलेल्यांना, म्हणजे सरळ तिसऱ्या वर्षात. वर्षभराच्या शिदोरीवर तिथे जाणं हा अपवाद. रॉजर्सला तो अपवाद मिळाला, कारण शाळेतली गुणवत्ताच भक्कम होती. काही शाखा ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची आगाऊ हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यांत नाहीत. तिथे प्रत्येक अर्ज नव्याने तोलला जातो.

युनिटांची खरी गंमत कळायला असिस्ट या राज्याच्या संकेतस्थळावर एकदा बसून बघावं. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजात त्याला समतुल्य काय. बर्कलीतला एखादा संख्याशास्त्राचा पेपर डावीकडे दिसतो, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा क्रमांक दिसतो, जीव भांड्यात पडतो. पुढच्या ओळीवर मात्र उजवीकडे एवढंच लिहिलेलं असतं की समतुल्य अभ्यासक्रम नाही. झालं! तो विषय तुम्ही कॉलेजात कितीही चांगला केलात तरी पदवीच्या त्या रकान्यात तो बसणार नाही. आणि खेळाडूंच्या बाबतीत याहून मोठा खड्डा असतो. कम्युनिटी कॉलेजात फुटबॉलचा सराव, व्यायामशाळा, कंडिशनिंग हे सगळं ‘वर्ग’ म्हणून नोंदवलेलं असतं आणि त्याची युनिटं मिळतात. मुलाला वाटतं, सत्राची १२ युनिटं भरली. पण शारीरिक शिक्षणाच्या सरावाची जेमतेम चार युनिटं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मोजते, आणि एनसीएए ट्रान्सफरची सरासरी काढताना त्यातली दोनच धरते. मग एप्रिलमध्ये कोच विचारतो, ‘तुझं ट्रान्सक्रिप्ट पाठव’, आणि तीसपैकी एकवीसच युनिटं कामाची निघतात. सप्टेंबरात कौन्सेलरकडे अर्धा तास बसलं असतं तर हे टळलं असतं. हे वाचून जरा धसका घ्या, एवढीच माझी इच्छा.

बर्कलीत पोचल्यावर लगेच काही सिंहासन मिळालं नाही. २००३ च्या सिझनचे पहिले चार सामने संघाने दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेऊन सुरू केले आणि त्यातले तीन गमावले. पाचव्या सामन्यात रॉजर्स सुरुवातीपासून उतरला, आणि समोर होतं इलिनॉय, ज्यांनी वर्षापूर्वी त्याला वॉक-ऑन म्हणून ये म्हटलं होतं. बर्कली ३१–२४ ने जिंकली. पुढच्याच आठवड्यात देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या यूएससीशी (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) गाठ पडली आणि तीन जादा डाव खेळून बर्कलीने ३४–३१ असा विजय मिळवला. उत्तरार्धात रॉजर्सला बसवून दुसऱ्याला उतरवलं होतं हे खरं, पण त्याच्या वाट्याचं काम त्याने पूर्वार्धात केलं होतं. यूएससी त्या वर्षी एवढा एकच सामना हरली. डिसेंबरात इनसाइट बोल या सिझनअखेरच्या निमंत्रणाच्या सामन्यात व्हर्जिनिया टेकवर ५२–४९ असा विजय मिळाला.

टेडफर्ड क्वार्टरबॅक घडवण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या हाताखालची मुलं चेंडू छातीशी न धरता खूप वर, कानाच्या पातळीला धरून उभी राहायची, म्हणजे फेकताना हात खालून वर यायचा वेळ वाचतो. रॉजर्सचे बर्कलीतले जुने फोटो बघितले तर ती धरण्याची पद्धत लगेच ओळखू येते. पुढे ग्रीन बेमध्ये ती बदलली गेली. विद्यापीठ निवडताना ‘आपल्या जागेचं काम शिकवणारा माणूस तिथे आहे का’ हा प्रश्न नावाच्या झगमगाटापेक्षा मोठा असतो, आणि या बाबतीत रॉजर्सची निवड उत्तम ठरली असं मला वाटतं.

दुसऱ्या वर्षी, ९ ऑक्टोबर २००४ ला, लॉस एंजेलिसला पुन्हा यूएससीविरुद्ध खेळताना त्याचे पहिले सलग २३ पास अचूक पोचले. राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी झाली. सामना मात्र २३–१७ असा हातचा गेला, शेवटची चढाई गोलरेषेपासून ९ यार्डांवर अडली. तो सिझन बर्कलीने दहा विजय आणि त्या एका पराभवावर संपवला, मग हॉलिडे बोलमध्ये टेक्सास टेककडून ४५–३१ अशी हार पत्करली. एक सिझन हाताशी शिल्लक असताना रॉजर्सने ड्राफ्टला नाव दिलं आणि २००५ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बेने त्याला घेतलं.

त्या ‘शिल्लक सिझन’चा हिशेब समजून घ्यायला हवा. एनसीएएचं घड्याळ मुलाने कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव नोंदवल्या दिवशी सुरू होतं : पाच वर्षांत चार सिझन. ब्यूटमधलं एक वर्ष या चारांतलंच एक. रॉजर्सने ब्यूटला एक आणि बर्कलीत दोन वापरले. जो मुलगा कम्युनिटी कॉलेजात दोन सिझन खेळतो त्याच्याकडे विद्यापीठासाठी दोनच उरतात, आणि त्यातला पहिला नवी चालपुस्तिका पाठ करण्यात जातो. शिष्यवृत्ती देताना कोच हे मनातल्या मनात मोजत असतो. एक वर्षात आलेला रॉजर्स तीन सिझनचा खेळाडू म्हणून आला. त्याच्या गुणपत्रकाची किंमत टेडफर्डच्या दृष्टीने हीच होती.

हे घड्याळच आता वादात आहे. डिएगो पाव्हिया हा क्वार्टरबॅक न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या कॉलेजातून २०२१ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून पुढे न्यू मेक्सिको स्टेटला आणि तिथून व्हँडरबिल्ट या अवघड प्रवेशाच्या विद्यापीठात गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या संघाने अव्वल क्रमांकावरच्या अलाबामाला ४०–३५ ने हरवलं. मग त्याने न्यायालयात सांगितलं की कम्युनिटी कॉलेजातली वर्षं माझ्या चार सिझनमध्ये मोजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीच्या संघीय न्यायालयाने त्याला २०२५ मध्ये खेळू देण्याचा अंतरिम आदेश दिला आणि एनसीएएने त्याच परिस्थितीतल्या इतरांनाही त्या एका वर्षापुरती सवलत दिली. मला ही मागणी न्याय्य वाटते. जिथे शिष्यवृत्तीसुद्धा देता येत नाही, तिथला सिझन मोठ्या विद्यापीठाच्या सिझनइतकाच महाग का मोजायचा? पण एका वर्षाची सवलत म्हणजे कायमचा नियम नव्हे, आणि घरच्या माणसांनी पाच-चारचा हिशेब धरूनच चालावं.

आज या वाटेने जाणाऱ्या मुलाला रॉजर्सपेक्षा काही गोष्टी सोप्या आहेत, काही अवघड. एनसीएएने प्राथमिक पात्रतेसाठी एसएटीची अट २०२३ पासून काढून टाकली, त्यामुळे १६ मुख्य विषय आणि त्यांतली सरासरी यांवरच सगळा भार आला. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल सुरू झाल्यावर कोचांना दुसऱ्या विद्यापीठांतले तयार खेळाडू एका यादीत दिसतात, आणि कम्युनिटी कॉलेजचा मुलगा त्या यादीत नसतो. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यात २०२५ मध्ये तडजोड झाली, आणि ती मान्य केलेल्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली, म्हणजे वॉक-ऑनच्या जागाही आटल्या. आणि राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या चार शाखांत ६४ प्रवेश अयोग्य रीतीने दिल्याचं उघड केलं. त्यांतले काही खेळाच्या नावाखाली दिलेले होते. तेव्हापासून खेळाडूच्या अर्जावर प्रवेश कार्यालयाची नजर जास्त बारीक असते. त्याचा खऱ्या खेळाडूला त्रास होण्याचं कारण नाही, फक्त त्याचे कागद चोख हवेत.

बर्कली आणि स्टॅनफर्ड एकाच दमात बोलणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट : स्टॅनफर्डला कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर घेण्याचं राज्याचं बंधन नाही, आणि ते एकूणच ट्रान्सफर अगदी मोजके घेतात. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती दिलीच जात नाही, तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नानुसार. तेव्हा मुलगी वॉटर पोलो खेळो की मुलगा टेनिस, ही वाट कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांकडे जितकी रुळलेली आहे तितकी इतर कुठे नाही. फुटबॉल, बास्केटबॉलसारखे मोजके खेळ सोडले तर पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच मिळते, ती वाटून मिळते. तेव्हा प्रवेशाला लागणारा कोचचा पाठिंबा आणि पैसा हे दोन वेगळे प्रश्न म्हणून कोचला विचारावेत, आणि पैशाचं उत्तर लेखी घ्यावं.

मुलगा आत्ता नववी-दहावीत असेल तर शाळेच्या कौन्सेलरला त्याचे १६ मुख्य विषय एनसीएएच्या मान्य यादीत आहेत का, हे याच सत्रात विचारा. बारावी झाली असेल आणि कम्युनिटी कॉलेजात जायचं ठरलं असेल, तर पहिल्या सत्राचं वेळापत्रक भरण्याआधी असिस्टवरचं आपल्या विद्यापीठाचं पान छापून खेळाडूंच्या कौन्सेलरसमोर ठेवा, आणि सरावाची युनिटं बाजूला काढून उरलेल्यांची बेरीज करा.